चिमाजी नानांचा अंगठा

चिमाजी नाना हट्टी, हट्टापायी म्हातारपणी स्वतःचं वाटोळं करून घेतलं, असं आमच्या मखमलाबादच्या चौकात कुणीही सांगायचं. चहा पिता पिता सांगायचं, वर हसायचंही. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मी तोंड उघडत नव्हतो. गप्प बसण्यात माझा हात धरणारा या पंचक्रोशीत कुणी नाही.

मी सावळीराम. पेठ रोडला माझा छोटा गाळा आहे, टीव्हीच्या छत्र्या बसवून देतो. छत्री म्हणजे डिश, पण आमच्याकडं डिश कुणी म्हणत नाही. हा धंदा मी शिकलो तो नानांकडं, आणि तेव्हा छत्री नावाची वस्तू कुणी बघितलीही नव्हती. तेव्हा अँटेना होती. घराच्या डोक्यावर लोखंडी पाईप, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्या, आणि पाईप वाऱ्यानं पडू नये म्हणून तीन बाजूंनी ओढून बांधलेल्या दोऱ्या, म्हणजे ताण. मी ताण धरायचो, नाना पाईप फिरवायचे.

नाना खरे फुलवाले. कालव्याच्या अंगाला त्यांचा दीड एकराचा मळा, झेंडू, शेवंती, मधल्या दिवसांत कोथिंबीर. पहाटे फुलांचे कॅरेट टेम्पोत टाकून बाजारात जायची ती त्यांची बायको, साळूबाई. मी तिला मावशी म्हणतो. मळा तिनं सांभाळला, दोन पोरं तिनं वाढवली, कारण नाना कायम कुणाच्या ना कुणाच्या छतावर असायचे. पंच्याऐंशी-शहाऐंशी साली गावात पहिला टीव्ही आला तेव्हापासून गिरणाऱ्यापर्यंत आणि तिकडं पेठच्या घाटापर्यंत जिथं जिथं अँटेना उभी राहिली ती नानांनी उभी केली. त्यांना लोक फुलवाले म्हणतच नव्हते.

बाकीचे मिस्त्री वर चढून पाईप फिरवायचे आणि घरातून सगळी मंडळी ओरडायची, आली, आली, गेली, परत फिरवा. तासतास तमाशा चालायचा. नानांचं काम बघण्यासारखं होतं. छतावर उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा, उजवा हात ताठ करून अंगठा उभा धरायचा आणि शहराच्या पलीकडच्या डोंगरावरचा टीव्हीचा टॉवर अंगठ्याच्या नखावर घ्यायचा. मग हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं पाईप त्या रेषेत आणायचा, पान्यानं नट आवळायचा आणि खाली उतरायचं. खाली आल्यावर ते टीव्हीकडं ढुंकूनसुद्धा बघायचे नाहीत. चहा मागायचे. चित्र आलेलंच असायचं, एक मुंगी दिसायची नाही पडद्यावर. चिमाजीचा अंगठा चुकत नाही, असं लोक बोलायचे, आणि नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण त्यांना ते किती गोड लागायचं ते ताण धरून उभ्या असलेल्या मला कळायचं.

काळ बदलला. केबल आली, मग छत्र्या आल्या, मग मोबाईल. लोकांनी अँटेना उतरवून भंगारात घातल्या, काहींनी त्या पाईपांचे गोठ्याला खांब केले. मी छत्रीच्या धंद्यात पडलो तेव्हा नानांना विचारायला गेलो होतो, पाया पडलो होतो. ते म्हणाले, पोटाचा धंदा आहे, कर. फक्त माझ्या घरावर ती आणू नको.

यावर आमचं खूप वेळा वाजायचं, प्रेमानंच. मी म्हणायचो, नाना, फुकटातली छत्री येते आता, एकदा बसवली की महिन्याला काही भरायचं नाही. ऐंशी-नव्वद चॅनल. उंची लागत नाही, पाईप लागत नाही, गच्चीच्या कठड्याला चार नट मारले की झालं. नाना म्हणायचे, पावसाळ्यात आभाळ भरलं की तुझी छत्री मुकी होते, माझी अँटेना भर पावसात बोलते. आणि टॉवर डोळ्याला दिसतो तरी. तुझी छत्री तोंड वासून आभाळाकडं बघत बसते, तिला वरून कोण काय देतंय ते तुला तरी दिसतं का? मी हसायचो. खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हतं, मी मीटरवर आकडा बघून नट आवळायचो. अंगठा धरायचं काम त्यात नाहीच.

मावशीला मात्र छत्री हवी होती. सारखं एकच चॅनल बघून ती कंटाळली होती, शेजारी सगुणाबाईकडं रोज संध्याकाळी कीर्तनाचं चॅनल लागायचं, दुपारी जुने पिक्चर लागायचे. तरी तिनं कधी जोर केला नाही. मला एकदा म्हणाली, एवढं एकच राहिलंय रे त्यांचं, राहू दे.

तर त्या वर्षी भाद्रपदात टॉवरचं प्रक्षेपण बंद झालं. अँटेनावर चित्र येणं संपलं, आता जे काही फुकट बघायचं ते छत्रीवरच. आमच्या धंद्यात अशी गोष्ट लगेच कळते, आणि पेपरातही चार ओळी आल्या होत्या, त्या मी माझ्या गाळ्यात बसून वाचल्या. पहिल्यांदा नानाच डोळ्यासमोर आले. त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. पण पितृपक्ष चालू होता, मग नवरात्र लागलं, ऑर्डरी होत्या. कारणांना काय तोटा, मागाल तेवढी मिळतात.

दसऱ्याला मी दरवर्षी नानांकडं सोनं द्यायला जातो. त्या दिवशी त्यांच्या घरी अवजारांची पूजा असायची. मावशीचं खुरपं, विळा, फवारणीचा पंप, आणि त्यांच्या शेजारी नानांचा पाना, पक्कड, एक जुनी अँटेना, सगळ्याला झेंडूच्या माळा. मावशी बाजार उरकून दुपारी आलेली, थकलेली, तरी पुरणपोळी केलेली. पाहुणे बसलेले होते. मी पानं दिली, पाया पडलो, तर नानांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी बारीक केला होता.

"सावळ्या, पंधरा दिवस झाले, चित्र गेलंय. अंगठा धरतोय, टॉवर नखावर येतोय, तरी नुसत्या मुंग्या. माझं काय चुकतंय रे?"

पासष्टीचा माणूस. ज्यानं मला पाना धरायला शिकवलं तो मला विचारतोय, माझं काय चुकतंय. पूजेतल्या अँटेनाला माळ घातलेली समोर दिसत होती. सणाचा दिवस, भरलेलं घर, आणि मी काय म्हणणार होतो? नाना, तुमचं काम संपलं, ती माळ काढा? आमच्याकडं सणाच्या दिवशी वाईट बातमी देत नाहीत, वस्तादाला तर नाहीच नाही. जीभ रेटेना. मी म्हणालो, नाना, गंगापूर रोडला त्या उंच उंच बिल्डिंगी झाल्यात ना, टॉवर डोळ्याला दिसला तरी लहरींना त्या आडव्या येत असतील. थोडी उंची वाढवून बघा.

त्यांच्या चेहऱ्यावर हुशारी आली. बिल्डिंगी, ते म्हणाले, माझ्या कसं लक्षात आलं नाही. मला मावशीनं दुसरी पोळी वाढली, वर तूप घातलं, आणि मी ती खाल्ली.

त्यांनी उंची वाढवली. आधी पाच फुटांचा तुकडा जोडला. नुसत्या मुंग्या. मग दहा फुटांचा जोडला. तेव्हाही मुंग्याच. दिवाळीला गेलो तर नानांच्या डोळ्यांवर नवा चष्मा. मावशी म्हणाली, डॉक्टरकडं जाऊन डोळे तपासून आलेत, डॉक्टरनं सांगितलं दूरचं चांगलं दिसतंय, तरी हट्टानं करून आणला. ओसरीवर बसून नाना आपल्या उजव्या हाताकडं बघत होते, अंगठा वाकवत होते, सरळ करत होते. चौकात बसायला जाणंही त्यांनी सोडलं होतं. लोक विचारायचे, काय नाना, लागतंय का काही? आणि हसायचे. या माणसाला चित्र नको होतं, हे कुणाला कळत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हातावर तो जगला, तो हात अजून त्याचा आहे की गेला, एवढंच त्याला बघायचं होतं.

मला कळत होतं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, नाना, छत्री बसवून देतो, माझ्याकडून भेट. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, कीव करतोस का माझी? मी मान खाली घातली. तेव्हा सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे दसऱ्याचं खोटंही सांगावं लागणार होतं, आणि ते तीन आठवडे जुनं झालं होतं. लाज वाटली, दुसरं काही नाही. उगाच मोठं नाव कशाला द्यायचं.

एक गोष्ट सांगायची राहिली. नानांच्या घरामागच्या बांधावरून अकरा हजारांची विजेची लाईन गेली आहे. घर बांधलं त्याच्या आधीपासून आहे, सगळ्यांना माहीत. मला शिकवताना त्यांनी पहिला नियम हाच शिकवला होता की पाईप केवढा आहे ते बघ, तो आडवा पडला तर कुठं पडेल ते बघ, आणि तिथं तार असेल तर सामान उचलून घरी जा, गिऱ्हाईक राजा असला तरी. साऱ्या आयुष्यात त्यांनी तो मोडला नाही. वीस फुटांचा पाईप होता तोवर तार लांब होती.

थंडी पडली. मी सुरगाण्याच्या वर एका पाड्यावर जीप घेऊन गेलो होतो, चार छत्र्या बसवायच्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला नानांचा फोन. म्हणाले, आज वीस फुटांची अख्खी दुसरी लांबी चढवतोय, चाळीस फूट करतो, बघू कोणती बिल्डिंग आडवी येते ती. ताण धरायला ये. मी म्हणालो, मी लांब आहे नाना, परवा येतो, तोवर थांबा. ते म्हणाले, परवा वारं असेल, आज हवा पडलीय. तुझी मावशी आहे ताण धरायला. मी म्हणालो, जपून.

टॉवर बंद आहे, हे म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात मी जपून म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

पुढचं मावशीनं सांगितलं, एकदाच सांगितलं, आणि मीही एकदाच सांगतो. पाईप उभा राहिला होता. नानांनी अंगठा धरला होता. मग पाईपाचं वरचं टोक वाकायला लागलं, चाळीस फुटांचं वजन ते, सांध्यात लचकलं, आणि तोल बांधाकडं गेला. नानांनी तो सोडून द्यायला हवा होता. त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मावशीच्या हातात नायलॉनची दोरी होती म्हणून ती वाचली. कोरडी होती दोरी. मावशी म्हणाली, आवाज झाला, आणि ते पाईपाला चिकटले, आणि मी नुसती दोरी ओढत होते.

दवाखान्यात दीड महिना. उजवा हात खांद्याखालून काढला. डावा कोपरापासून काढला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप. मी रोज जायचो, फळं घेऊन जायचो, वऱ्हांड्यात बसायचो. थोरला मुलगा संतोष सातपूरला कंपनीत आहे, तो पाळी उरकून यायचा आणि माझे आभार मानायचा. म्हणायचा, सावळीरामदादा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. मी फळं कापत बसायचो.

माघात नाना घरी आले. आठवड्यानं मावशीचा निरोप आला, छत्री बसवून दे, ते दिवसभर भिंतीकडं बघत पडतात. मी गेलो. सगळ्यात चांगली छत्री नेली. गच्चीच्या कठड्याला बसवली, तोंड आग्नेयेकडं केलं, मीटरवर आकडा बघितला, नट आवळला. अर्धा तास लागला नसेल. खाली आलो तर कीर्तनाचं चॅनल लागलेलं, काचेसारखं चित्र. मावशी उभ्या उभ्या बघत होती, पण तिला बसावंसं वाटलं नाही. नाना खाटेवर उशीला टेकून होते. अंगावर शाल होती, दोन्हीकडून सपाट पडलेली.

ते बराच वेळ टीव्हीकडं बघत राहिले. मग म्हणाले, तुझ्या मावशीला बरं होईल, बघेल ती. आणि मग हळूच मला जवळ बोलावलं.

"ही असू दे. पण अँटेना टाकून देऊ नको. संतोषला रविवारी बोलावलंय. मी खाली बसून सांगतो, तो उभी करून फिरवील. एकदा चित्र आलं पाहिजे, सावळ्या. त्याशिवाय मरायला नको."

संतोष. वडिलांनी सांगितलं की तो चढणार, त्याला नाही म्हणता येणार नाही, बापाची ही अवस्था बघून तर मुळीच नाही. आणि पाईप तोच, तार तीच. मी खाटेच्या कडेला बसलो. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

मी म्हणालो, "नाना, टॉवर बंद आहे. दसऱ्याच्या आधीपासून बंद आहे. कितीही उंच केली तरी चित्र येणार नव्हतं."

त्यांना लगेच समजलं नाही. त्यांनी विचारलं, बंद म्हणजे बिघडलाय का. मी सांगितलं, बिघडला नाही, कायमचा बंद केलाय, आता अँटेनावर काही येत नाही, कुणाच्याच येत नाही. मग त्यांनी विचारलं, तुला केव्हा कळलं? मी म्हणालो, तेव्हाच.

टीव्हीवर टाळ वाजत होते. मावशीनं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं आता नाना शिव्या देतील, थुंकतील तोंडावर, आणि देव साक्ष आहे, मी त्याचीच वाट बघत होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. डोळे मोठे झाले. शालीखाली उजव्या खांद्याशी काहीतरी हललं, जणू हात वर यायला बघत होता. ते माझ्याकडं बघतच नव्हते. मावशीकडं वळून म्हणाले,

"ऐकलंस का गं? चुकत नव्हता. माझा अंगठा चुकत नव्हता."

आणि ते हसले. पोरानं पहिला नंबर काढावा आणि बापानं हसावं, तसं. मावशीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले, कारण त्यांना ते पुसता येत नव्हते. पुन्हा पुन्हा ते तेच म्हणत राहिले. मग मला म्हणाले, चौकात जा, सगळ्यांना सांग. त्यांना म्हणावं टॉवरच बंद होता, चिमाजीचा हात बरोबर होता. मी हो म्हणालो.

मी निघालो तेव्हा मावशी दारापर्यंत आली. तिनं विचारलं, दसऱ्याला माझ्या हातची पोळी खाल्लीस, तेव्हा माहीत होतं तुला? मी म्हणालो, होतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या आमच्याकडं कुणी दार लावत नाही.

तिथून मी थेट चौकात गेलो. नानांचा शब्द होता, मोडणार नव्हतो. पारावर पाच-सात जण बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. टॉवर दसऱ्याआधीच बंद झाला होता, नाना बरोबर होते, अंगठा चुकला नव्हता, चित्र येणं शक्यच नव्हतं. ते हळहळले. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. त्यातला एक जण म्हणाला, अरेरे, म्हणजे बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. दुसरा म्हणाला, कुणीतरी सांगायला पाहिजे होतं रे त्याला, एवढी माणसं गावात, एकानं तरी.

सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हणालो, हो ना, सांगायला पाहिजे होतं कुणीतरी.